नऊ दिवसांचा पेशंट

आयुष्यात मी एकदाच पद्धतशीर आजारी पडलो, तेही कागदामुळं. ताप नाही, खोकला नाही, अंगावर पुरळ नाही. मोबाइलवर एक कागद आला, मी तो वाचला आणि पडलो. पडलो तो नऊ दिवस उठलो नाही. त्या नऊ दिवसांत माझ्या घरात जे झालं ते आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो, आणि मी सांगायला लागलो की ऐकणारे हसतात. दोघांचंही बरोबर आहे. म्हणून जसं झालं तसं सांगतो. यात माझी अब्रू फार उरणार नाही, पण ती आधीही फार नव्हती.

पहिल्यांदा माझं काम सांगतो, कारण सगळ्या चुकीचं मूळ तिथं आहे. नांदेडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका अडत दुकानावर मी सोयाबीनचा ओलावा मोजतो. शेतकरी पोती उतरवतो. मी पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसतो, नळीत आलेले दाणे मशीनमध्ये टाकतो आणि मशीनवर दिसलेला आकडा मोठ्यानं सांगतो. आकडा कमी म्हणजे माल कोरडा. आकडा जास्त म्हणजे माल ओला, मग भाव उतरतो आणि शेतकरी चढतो. "अवो, आठ दिवस उन्हात व्हतं. दातानं फोडून बगा, कसं कट्कन वाजतंय!" मी शांतपणे म्हणतो, "दात तुमचा. मशीन खोटं बोलत न्हाई."

बावीस वर्षं हे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा म्हणत आलो. इतकं म्हटल्यावर माणसाचा त्यावर विश्वास बसणारच.

मशीन खोटं बोलत नाही याची खात्री करायची आमची एक रीत आहे. सकाळी मशीन लावलं की आधी डब्यातलं सोयाबीन टाकून बघायचं. हे मी स्वतः कडक वाळवून हवाबंद डब्यात ठेवलेलं असतं. त्याचा आकडा ठरलेला, दहा. दहा आला की मशीन ठीक. याला आम्ही कोरडा नमुना म्हणतो. हा कोरडा नमुना लक्षात ठेवा, पुढं तो मला भोवणार आहे.

एकदा पोत्यांच्या एका थप्पीचा आकडा मशीननं अकरा दाखवला, म्हणजे छान कोरडा. आमच्या एका म्हाताऱ्या हमालानं दोन पोत्यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाला, "साहेब, आत गरम लागायलंय." मी म्हणालो, "तुज्या हाताला ताप आला आसंल." सगळे हसले. पंधरा दिवसांनी थप्पी मोडली तर मधल्या पोत्यांतून वाफ निघाली, आणि दाणे काळे पडून एकमेकांना चिकटलेले. यावरून मी काय शिकलो? काही नाही. हमालाचं नशीब जोरात होतं, एवढंच म्हणालो.

असा माणूस घरी जातो तेव्हा मशीन मोंढ्यात ठेवून जात नाही.

दोन वर्षांपूर्वी बायकोला ताप आला. साधाच व्हायरल म्हणाले. आठ दिवसांत ताप उतरला, पण ती काही त्यातून परत आली नाही. पूर्वी ही बाई सकाळी पंधरा भाकऱ्या थापून, धुणं वाळत घालून, वर माझ्या नावानं खडे फोडायलाही ताकद शिल्लक ठेवायची. आता दोन भाकऱ्या झाल्या की ओट्याला टेकायची. डोकं धुतलं की दोन तास आडवी. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून घर झाडून काढलं की पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळलेली. पोरगी पुण्याला नोकरीला, घरात आम्ही दोघंच. त्यामुळं तिच्या थकव्याला प्रेक्षक मी एकटा, आणि मी फुकटचा टीकाकार.

"काय करायलीस?"

"पडलेव."

"सकाळीबी पडलीवतीस की."

"हाव. ते सकाळचं व्हतं, हे आत्ताचं हाय."

नांदेडला रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, सगळं नॉर्मल. त्या दिवशी मी जे केलं तेही सांगतो. मी पेढे आणले. गल्लीत वाटले. "घरच्यांचे रिपोर्ट नॉर्मल आले" असं सांगून वाटले. एक पेढा तिच्याही हातावर ठेवला. ती त्या पेढ्याकडं बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, आनंदाचं.

त्यानंतर माझ्या बोलण्याला धार आली. आता माझ्या बाजूनं मशीन होतं. पाहुण्यारावळ्यांत कुणी तिची तब्येत विचारली की मी म्हणायचो, "कागदावर कायच न्हाई. आळस तपासायचं मशीन अजून निगायचंय." लोक हसायचे. हळूहळू कुणी विचारेनासं झालं.

विचारणारी एकच उरली, औशाची माझी सासू. तिनं फोनवरून हुकूम सोडला, "जावईबापू, लातूरला एक डॉक्टरीणबाई हायत. ताप गेल्यावर ज्यांचा थकवा जात न्हाई त्यांला बघतात. उद्याच्या उद्या माज्या लेकीला घिऊन या." सासूपुढं आमचं मशीन चालत नाही. निघालो.

बस अहमदपूरला थांबली तेव्हा मी भजी खायला उतरलो आणि तिलाही म्हणालो, "उतर, पाय मोकळे कर. बसून बसूनच आखडलीस." वाद नको म्हणून ती उतरली. पण परत चढताना तिला बसची पहिली पायरीच चढता येईना. एक पाय वर ठेवून दांड्याला धरून नुसती उभी. कंडक्टरनं हात देऊन वर घेतलं. मी मागून म्हणालो, "नाटक हाय सगळं, चला." कंडक्टरनं माझ्याकडं जे बघितलं, तसं मोंढ्यात शेतकरी बघतात. मला सवय होती.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी काही तपासलंच नाही. विचारत बसल्या.

"बरं वाटतं त्या दिवशी काय करता?"

"ऱ्हायलेलं सगळं," बायको म्हणाली.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"झोपते," मी सांगितलं.

"मी त्यांना विचारलं," बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

मग बायको बोलायला लागली. पाऊण तास बोलली. पेल्यात पाणी ओतताना मनगट कसं भरून येतं, वाचायला घेतलं की अक्षरं कशी हातातून सुटल्यासारखी सुटतात, आठ तास झोपून उठल्यावर रात्रभर दगड फोडल्यासारखं कसं वाटतं. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आमचं एकच घर, झोपायची एकच खोली, आणि मला माहीत नव्हतं! पण माहीत नसलं की माणूस एकदम शरमतो असं नाही. आधी चिडतो. मी चिडलो आणि म्हणालो, "म्याडम, हे सगळं ठीक हाय, पर कागदावर येऊ द्या ना. कायतरी तपासणी आसंलच की."

बाई समजावून सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "काही लोकांत विषाणूचा ताप जातो आणि असा थकवा मागं राहतो. का राहतो यावर डॉक्टरांचंही अजून एकमत नाही. काहींच्या शरीरात तो विषाणू, किंवा त्याचे अवशेष, कुठंतरी रेंगाळत असावेत. काहींच्यात लहानपणी येऊन झोपी गेलेला दुसराच एखादा विषाणू जागा होत असावा. पण रक्त घेतलं आणि बोट ठेवून दाखवलं, हा बघा चोर, अशी पक्की सोय आज नाही. ज्या तपासण्या आहेत त्यांचा उपयोग थोडा आणि गैरसमज जास्त."

"तरीबी करा," मी म्हणालो.

त्यांनी एकदा बायकोकडं बघितलं. ती हळूच म्हणाली, "करा म्याडम. न्हाईतर हे जगू द्यायचे न्हाईत."

बाईंनी कागदावर लिहिलं. त्या झोपाळू विषाणूची तपासणी, दोन भागांत. पहिल्या भागात कळणार तो कधीकाळी अंगात येऊन गेलाय का, आणि दुसऱ्यात, तो आत्ता रक्तात आहे का. एवढं सोपं करून सांगितलं होतं. पण माझं डोकं मोंढ्यात. मला डबा आठवला.

"म्याडम, माजंबी रक्त घ्या."

"तुम्हाला काय होतंय?"

"कायच न्हाई. म्हणूनच घ्या. मी कोरडा नमुना. माजा आकडा शेजारी ठिवला की हिचा ओला का कोरडा ते कळंल."

बाईंना हसू आवरेना. बायको म्हणाली, "घ्याच ह्येंचं. ह्येंच्यात रगत हाय का तेबी एकदा कळंल."

सुई बघून मी डोळे मिटले आणि कुणाचा तरी हात घट्ट धरला. तो तिचाच होता. निघताना बाई म्हणाल्या, "रिपोर्ट मोबाइलवर येतील. वाचून काही ठरवू नका. दोघंही रिपोर्ट घेऊन इथं या, मी सांगते." मी हो म्हणालो. बावीस वर्षं आकडे वाचणारा माणूस मी, मला आकडा कुणी वाचून दाखवायचा?

रिपोर्ट आले ते भर हंगामात, मोंढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा. मी नळी पोत्यात तशीच खुपसून ठेवली आणि मोबाइल उघडला. आधी तिचा. पहिल्या पानावरचा आकडा काठावर. दुसऱ्या पानावर स्पष्ट, विषाणू आढळला नाही. मी तिथूनच फोन लावला.

"आगं, कायच न्हाई निगालं! मी म्हणलं नव्हतं?"

पलीकडनं ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

मग मी माझा रिपोर्ट उघडला, केवळ कौतुकानं. पहिल्याच पानावर माझा आकडा काठ ओलांडून, वेस ओलांडून पार गावाबाहेर गेलेला. ठळक छापलेला. शेजारी वर तोंड केलेला बाण. आणि त्याच्याही शेजारी एक शब्द, पॉझिटिव्ह.

कोरोनाच्या वेळी हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलाय. त्याला पुढं काही वाचावं लागत नाही. मीही वाचलं नाही. दुसरं पान आहे हेसुद्धा मी बघितलं नाही. माझ्या कानात गूं आवाज सुरू झाला. समोरचा शेतकरी विचारत होता, "किती आला, साहेब?" आणि मी त्याला माझाच आकडा सांगितला. तो बिचारा छाती धरून पोत्यावर बसला. मीही त्याच्या शेजारी बसलो.

मालकांनी मला रिक्षात घालून घरी पाठवलं. बायकोनं चौकटीला धरून दार उघडलं. मी न बोलता मोबाइल पुढं केला. तिनं वाचलं. माझी कल्पना, ही आता दोन वर्षांचं उट्टं काढणार. माझी सगळी वाक्यं एक-एक करून माझ्याच तोंडावर मारणार. ती पांढरीफटक पडली आणि एवढंच म्हणाली, "झोपा."

मी झोपलो.

आणि काय सांगू, मला खरंच थकवा आला! नाटक नव्हतं. सकाळी दीडशे पोती तपासणारा हात आता उशीपर्यंत जाईना. मांड्या दुखायला लागल्या. तोंडाची चव गेली. दोन वर्षं तिच्याकडून जी लक्षणं ऐकून कानाआड केली होती ती सगळी मला क्रमानं आठवत गेली आणि आठवतील तशी होत गेली.

बातमी पसरली. आमच्याकडं माणूस आजारी म्हटला की भेटायला जाणं हे देवदर्शनाइतकं सक्तीचं. पिशवीत बिस्किटाचा पुडा किंवा नारळ घ्यायचा, पलंगाच्या कडेवर बसायचं, पेशंटच्या पायावर हात ठेवून "लई उतरलाव" म्हणायचं आणि चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही. मुखेडहून थोरला भाऊ सीताफळांची पाटी घेऊन आला आणि माझ्या उशाशी बसून रडला. मोंढ्यातले हमाल आले. मालक दोनदा आले. दूरचा एक मेहुणा आला, त्याला मी ओळखलंसुद्धा नाही, तर तो म्हणाला, "बगा, वळकबी ऱ्हायली न्हाई." मी प्रत्येकाला मोबाइल दाखवायचो. ठळक आकडा, वर गेलेला बाण. लोक माना हलवायचे. कागद होता ना.

एक सांगतो, मला ते आवडत होतं. आजारी असण्यात एवढी माया असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पलंगाखाली बिस्किटाच्या पुड्यांची थप्पी लागली. मी पडल्यापडल्या हाक मारायचो, "आगं, च्या टाक, दादा आलेत." आणि आतून चहा यायचा. एका वेळी पाच कप, सात कप. कप आणणारी कोण होती हे मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं.

फक्त शेजारच्या शिलाईवाल्या चाची माझ्या पलंगाशी बसल्या नाहीत. दारातूनच "कैसे हो भाईजान?" म्हणून त्या थेट आत गेल्या. मला आतलं ऐकू येत होतं.

"भाभी, तुम बैठो. मैं छानती च्या."

"ऱ्हाऊ द्या चाची. ह्येंची तब्येत बरी न्हाई."

"और तुम्हारी? दो साल में तीन बार तुम्हारा बिलाउज आत घेतला मैंने. मेरी टेप झूट बोलती क्या?"

मशीन, टेप. मला वाटलं चाची उगाच बोलायल्यात. मी कूस बदलली.

पाहुणे गेले की बायको पुडे उचलून कपाटात ठेवायची. एकदा ठेवता ठेवता म्हणाली, "मला दोन वर्षांत एक पुडा न्हाई आला." रागानं नाही. सोयाबीनचा भाव सांगावा तशी म्हणाली. मी डोळे मिटून घेतले, पेशंटला ती सोय असते.

नवव्या दिवशी सकाळी नऊ-साडेनऊची वेळ. भाऊ परत यायचा होता म्हणून तिनं दूध तापत ठेवलं होतं. मी पडलेलो. दूध उतू गेल्याचा चुरचुर आवाज आला. मी ओरडलो, "आगं, दूद!" उत्तर नाही. मग जळका वास आला. मग तो गेला आणि दुसराच वास आला, कुजकट, नाकात झोंबणारा. मी पुन्हा ओरडलो, "वास यायलाय, बग की! कान फुटले का?" उत्तर नाही. दोनदा ओरडलो मी. पलंगावरूनच. हे दोनदा ओरडणं मी अजून गिळू शकलेलो नाही.

तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं आणि कळलं, हा गॅसचा वास आहे.

पुढचं मला नीट आठवत नाही. स्वयंपाकघरात पोचलो तर शेगडी दुधात न्हालेली, जाळ विझलेला आणि बटण तसंच चालू. ती खाली शहाबादी फरशीवर कुशीवर पडलेली, गाल फरशीला टेकलेला. डोळे उघडे. टक्क उघडे. ती शुद्धीत होती. ती बटणाकडंच बघत होती. मी बटण फिरवलं, खिडकी उघडली, तिला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. चाची ओरडत आल्या. मी तिच्या तोंडावर पाणी मारत होतो आणि माझं तोंड सारखं एकच वाक्य म्हणत होतं, "हाक का न्हाई मारलीस? हाक का न्हाई मारलीस?"

थोड्या वेळानं तिचा आवाज फुटला. "समदं ऐकू येत व्हतं. वासबी कळत व्हता. हात उचलंना. आवाज निगंना."

मग तिनं माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "पळालाव की तुमी."

मी खाली बघितलं. मी पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत पळत आलो होतो. एके काळच्या सत्तर किलोच्या संसाराला ओढत अंगणात आणलं होतं. आता तिच्यात पन्नाससुद्धा उरले नव्हते, हे ओढताना हाताला कळलं होतं. मांड्या दुखत नव्हत्या. काहीच दुखत नव्हतं. नऊ दिवसांचा माझा आजार अंगणात उभा राहून माझी चेष्टा करत होता.

"नऊ दिस तू कशाला उटत व्हतीस गं?" मी विचारलं. "न्हाई जमत तर सांगायचं."

ती म्हणाली, "मला वाटलं, माजंच तुमाला लागलं."

आयुष्यात मला अनेकांनी अनेक शिव्या दिल्यात. मोंढ्यात तर रोजच्या. पण असं कुणी मारलं नव्हतं. माझं तुम्हाला लागलं! मी तिला दोन वर्षं आळशी म्हणत होतो, आणि ती आपला आळस मला लागला म्हणून माझ्या पाहुण्यांना चहा करत होती. मी चाचींसमोर, गल्लीसमोर, फतकल मारून अंगणात बसलो. भाऊ सीताफळांची दुसरी पाटी घेऊन फाटकातून आत येत होता. तो मला बघून म्हणाला, "आरे, तू उटलास का?" मी म्हणालो, "पाटी तिकडं ठेव. च्या तूच टाक."

दुसऱ्या दिवशी गाडी करून लातूर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी आधी तिला बघितलं, झोपवलं, मग माझा मोबाइल घेतला. बोटानं पान वर सरकवलं. माझ्याही रिपोर्टला दुसरं पान आहे, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या पानावर तेच शब्द, विषाणू आढळला नाही.

"हा पॉझिटिव्ह म्हणजे तो लहानपणी कधीतरी तुमच्याकडे येऊन गेलाय," बाई म्हणाल्या. "बहुतेक मोठ्या माणसांत हेच येतं. माझंही रक्त घेतलं तर येईल. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असं नसतं. सांगितलं होतं ना, वाचून काही ठरवू नका?"

मी मान खाली घातली. "आन हिचा आकडा बारका, आन दुसऱ्या पानावर कायच न्हाई. मग ही का अशी?"

बाईंनी मोबाइल मला परत दिला. "रक्तात सापडला नाही. एवढंच आपल्याला कळलं. तो दुसरीकडे कुठे दडला असेल, मुळात दुसराच कुणी असेल, की काहीतरी बिघडवून कधीच निघून गेला असेल, हे आज मला सांगता येत नाही. रिपोर्टमध्ये नाही म्हणून त्यांना काही झालेलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही."

मला तो हमाल आठवला. कोपरापर्यंत हात घातलेला. माझी नळी पोत्याच्या तोंडाला लागते, थप्पीच्या पोटापर्यंत पोचत नाही. मशीन खोटं बोललं नव्हतं. जेवढं त्याच्यात टाकलं तेवढ्याबद्दल ते खरंच बोललं होतं. बाकीचं मी बोलत होतो, बावीस वर्षं, मोठ्यानं.

औषध म्हणून बाईंनी फार काही दिलं नाही. सांगितलं, "थकल्यावर बसायचं नाही, थकायच्या आधी बसायचं. बरं वाटेल त्या दिवशी तर आणखी कमी काम. आणि हे जमवायचं काम तुमचं," असं माझ्याकडं बोट करून. मी नांदेडला आल्या आल्या चार स्टूल आणले. एक ओट्याशी, एक न्हाणीत, एक दारात, एक तुळशीपाशी. पहिल्याच दिवशी अंधारात न्हाणीतल्या स्टुलाला अडखळून मीच पडलो आणि गुडघा फोडून घेतला. तिला त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी हसताना बघितलं. हसून दमली म्हणून तिला दारातल्या स्टुलावर बसवलं.

ती बरी झालेली नाही. हे मधेच सांगून टाकतो, कारण असल्या गोष्टीत शेवटी बाई टुणकन उठते अशी लोकांना सवय आहे. भाकऱ्या आता मी करतो. त्यांचा आकार मोंढ्यात मोजायला न्यावा असा असतो.

मी नातेवाइकांना फोन केले. म्हणालो, भेटायला या, ही आजारी आहे. भावानं विचारलं, "का रं, तिचाबी रिपोर्ट आला का?"

"आला."

"काय निगालं?"

"कायच न्हाई निगालं."

"मग काय झालंय तिला?"

हाच प्रश्न दोन वर्षं मी विचारत होतो, आणि उत्तर माझ्याकडं तेव्हाही नव्हतं, आताही नाही. मी म्हणालो, "लई थकलीय, दादा. उटता येईना तिला. मी बगितलंय डोळ्यानं." तो बरं म्हणाला, पण त्याच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला. आठ दिवस झाले. कुणी आलं नाही. कागद नव्हता ना.

मग एका दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, बिस्किटाचा पुडा घेतला, पिशवीत घातला, चपला दारात काढल्या आणि पलंगाच्या कडेवर बसलो. तिच्या पायावर हात ठेवला.

"लई उतरलीस गं," मी म्हणालो. "कसं काय हाय आता?"

तिनं पिशवीत डोकावून बघितलं. बराच वेळ पुड्याकडं बघत राहिली. "हे मला आवडत न्हाईत," ती म्हणाली. "मला खारे लागतात."

सव्वीस वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. हा आणखी एक धक्का. मी पिशवी उचलून उठायला लागलो, म्हटलं बदलून आणतो.

"बसा," ती म्हणाली. "भेटायला आलेल्या मानसानं इतक्या लवकर उटू न्हाई."